मध्ययुगीन इंग्लिश पॅरिश चर्च कसं पाहावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडला फिरायला आलेले किंवा तिथे राहायला गेलेले मराठी लोक मोठी कॅथीड्रल आवर्जून पाहतात, पण वाटेतल्या गावांमधल्या दगडी चर्चवर गाडीतूनच नजर टाकून पुढे जातात. खरं तर तिथल्या गावाचा हजारेक वर्षांचा इतिहास बहुतेकदा त्या एकाच इमारतीत टिकून असतो, आणि तो पाहायला तिकीट लागत नाही. ही चर्च पाहताना हमखास पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आग्रह एवढाच, की शैलीचं नाव शोधण्याआधी भिंतीतले सांधे, म्हणजे जुनं आणि नवं बांधकाम जिथे जुळतं त्या जागा, शोधा.

पॅरिश चर्च म्हणजे काय? कॅथीड्रलहून ते वेगळं कसं?

पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूकडे सोपवलेला परिसर. खेड्यात तो बहुधा एक गाव आणि भोवतालची शेतं एवढाच असतो. तिथल्या माणसांचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन ज्या चर्चमध्ये होई ते पॅरिश चर्च. कॅथीड्रल हे बिशपचं मुख्य स्थान, एका मोठ्या प्रांताचं.

इमारत समजून घ्यायला मध्ययुगातला एक नियम फार उपयोगी पडतो. वेदीकडच्या पूर्व भागाची डागडुजी रेक्टरने, म्हणजे शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा ज्याला मिळे त्याने करायची. लोक जिथे जमत त्या पश्चिम भागाची जबाबदारी गावाची. त्यामुळे एकाच छपराखाली दोन मालकांची कामं दिसतात. गावाकडे पैसा आला की लोकांचा भाग उंच आणि उजेडाचा व्हायचा आणि रेक्टरने हात आखडता घेतला तर वेदीचा भाग बुटका, अंधारा राहायचा. लिंकनशरमधल्या हेकिंग्टनला याच्या उलट झालं. चौदाव्या शतकात तिथला रेक्टर राजा दुसऱ्या एडवर्डच्या दरबारातला धर्मगुरू होता आणि वेदीचा भाग त्याने अतिशय देखणा बांधून घेतला.

आत शिरल्यावर कुठली बाजू कुठली?

वेदी पूर्वेला, हे एकदा पक्कं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप लागतं. तुम्ही बहुधा दक्षिणेकडच्या दारातून आत येता, दारापुढे छोटी पडवी असते, तिला पोर्च म्हणतात. समोरचा मोठा लांबट दिवाणखाना म्हणजे नेव्ह. त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला खांबांच्या रांगेपलीकडे ज्या अरुंद ओळी असतात त्या आइल. पूर्वेच्या कमानीपलीकडे चॅन्सल आणि त्याच्या टोकाला वेदी. टॉवर बहुधा पश्चिमेला, क्वचित मधोमध. आइलच्या छपराच्या वर नेव्हच्या भिंतीत खिडक्यांची वेगळी रांग असेल तर ती क्लिअरस्टोरी.

नकाशा साधा आहे. पण लहान गावातलं चर्च सुरुवातीला केवळ नेव्ह आणि चॅन्सल एवढंच, दोन खोल्यांचं असायचं. बाकी सगळं नंतर जोडत गेलं.

चर्च किती जुनं आहे हे कसं ओळखायचं?

खिडक्या आणि कमानी पाहून ढोबळ अंदाज येतो. १०६६ च्या नॉर्मन विजयाआधीचं ते अँग्लो-सॅक्सन. त्यानंतर बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नॉर्मन: जाड भिंती, गोल कमानी, लहान खिडक्या. मग टोकदार कमानी येतात. १२५० च्या आसपासपर्यंत अर्ली इंग्लिश, तिथून १३५० पर्यंत डेकोरेटेड आणि पुढे सोळाव्या शतकापर्यंत पर्पेंडिक्युलर. नॉर्मन आणि पुढच्या तीन टप्प्यांची ही नावं थॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये रुळवली आणि ती आजही चालतात.

रिकमन यांची पद्धत मात्र नावांपेक्षा जास्त शिकण्यासारखी आहे. हंबर नदीकाठच्या बार्टनला सेंट पीटर चर्चचा टॉवर आहे. त्याचा सर्वांत वरचा मजला खालच्या मजल्यांहून वेगळ्या, नंतरच्या हाताचा आहे. रिकमन यांनी साधा विचार केला: वरचं खालच्यावर उभं आहे, म्हणजे खालचं आधीचं. वरचा मजला नॉर्मन धाटणीचा, तेव्हा खालचे त्याच्याही आधीचे, म्हणजे सॅक्सन. कागदपत्र नसताना केवळ दगडांच्या थरांवरून काढलेला हा निष्कर्ष आहे आणि तुम्हीही कुठल्याही गावात असाच विचार करू शकता.

अँग्लो-सॅक्सन काळातलं खरंच काही उरलं आहे का?

पुष्कळ उरलं आहे. डरहम परगण्यातलं एस्कम हे सातव्या शतकातलं चर्च जवळजवळ अखंड उभं आहे. उंच, अरुंद नेव्ह आणि त्याहून लहान चॅन्सल, बस्स. त्याचे दगड जवळच्या पडक्या रोमन ठाण्यातून आणलेले असावेत. एका दगडावर रोमन सैन्याच्या सहाव्या लिजनचा शिक्का आहे आणि तो दगड उलटा बसवलेला आहे. गवंड्याला भिंत बांधायची होती, अक्षरांशी त्याला देणंघेणं नव्हतं.

नॉर्थम्प्टनशरमधल्या अर्ल्स बार्टनचा टॉवर दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या गिलाव्यावर दगडी पट्ट्या उभ्या-आडव्या-तिरप्या उठवलेल्या आहेत. कोपऱ्यांत एक दगड उभा, एक आडवा, पुन्हा एक उभा अशी रचना दिसते. अशी रचना कुठेही दिसली की सॅक्सन हात ओळखावा. एसेक्समध्ये ग्रीन्स्टेडला तर अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ओकच्या फाकलेल्या ओंडक्यांची लाकडी भिंत आजही नेव्हचं छप्पर पेलते आहे.

नॉर्मन दारांवर ते विचित्र चेहरे कशासाठी?

नेमकं उत्तर कुणी लिहून ठेवलेलं नाही. हेरफर्डशरमधलं किलपेक पाहिलं की प्रश्न बाजूला पडतो आणि माणूस नुसता पाहत राहतो. ११४० च्या सुमाराचं हे लहानसं लाल वालुकाश्माचं चर्च. छपराच्या वळचणीखाली भिंतीतून पुढे आलेल्या दगडी आधारांची रांग सगळ्या इमारतीला वेढून जाते. त्यातले ८५ कोरीव दगड शिल्लक आहेत. कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी, एक मेंढा, वाद्य वाजवणारा प्राणी, उघड नग्न बसलेली बाई. दक्षिण दाराच्या खांबांवर वेलींत गुंतलेले सडपातळ सैनिक आहेत. हे सगळं करणारे पाथरवट त्या भागात फिरून काम करत होते, कारण आसपासच्या इतर चर्चमध्येही त्यांचा हात ओळखू येतो.

नॉर्मन कामाची सोपी खूण म्हणजे कमानीवरची नागमोडी नक्षी. ऑक्सफर्डजवळच्या इफ्लीला पश्चिम दारावर ती ओळींमागून ओळी भरलेली आहे, सोबत चोच खुपसलेल्या पक्ष्यांची डोकी.

गोल कमान जाऊन टोकदार का आली?

गोल कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी, त्यात बदल करता येत नाही. दोन खांबांमधलं अंतर कमी-जास्त असेल तर कमानींची टोकं वरखाली होतात. टोकदार कमान रुंद-अरुंद कशीही असो, हव्या त्या उंचीला आणता येते. शिवाय ती भार जास्त सरळ खाली उतरवते, त्यामुळे भिंतीला बाहेर ढकलणारा जोर कमी होतो. उरलेला जोर बाहेरून लावलेले दगडी टेकू घेतात. त्यांना बट्रेस म्हणतात. टेकूंनी भार घेतला की मधली भिंत मोकळी होते आणि तिथे खिडकी मोठी करता येते.

पुढची सगळी गोष्ट खिडकीचीच आहे. आधी एकेकट्या, उंच, टोकदार फटी. मग दोन-तीन फटी शेजारी आणून त्यांच्यावर एका दगडात गोल भोक पाडलं. मग मधला दगडच काढून टाकला आणि त्या जागी बारीक दगडी दांड्यांची जाळी आली, सुरुवातीला वर्तुळांची, पुढे वळत वाहणाऱ्या रेषांची. यॉर्कशरमधलं पॅट्रिंग्टन आणि आधी उल्लेख केलेलं हेकिंग्टन या वाहत्या रेषांसाठी पाहावं. शेवटी पर्पेंडिक्युलर काळात दांड्या सरळ वर कमानीपर्यंत जाऊन भिडल्या आणि खिडकी म्हणजे काचेची भिंत झाली. माझं वैयक्तिक मत विचाराल तर डेकोरेटेड खिडकीची बरोबरी कशालाच येत नाही.

लोकरीच्या पैशातून बांधलेली चर्च म्हणजे कोणती?

मध्ययुगाच्या उत्तरार्धात इंग्लंडची खरी कमाई मेंढीच्या पाठीवरची होती. आधी कच्ची लोकर बाहेर जायची, पुढे विणलेलं कापड जाऊ लागलं. त्या व्यापाऱ्यांनी आपल्या गावची चर्च पाडून, वाढवून, उंच करून बांधली. कॉट्सवोल्ड्समधल्या नॉर्थलीचला जमिनीत बसवलेल्या पितळी पत्र्यांवर व्यापाऱ्यांच्या आकृती आहेत आणि त्यांच्या पायांखाली मेंढ्या आणि लोकरीची पोती कोरलेली आहेत. फेअरफर्डचं चर्च जॉन टेम या लोकरीच्या व्यापाऱ्याने नव्याने उभं केलं. तिथल्या २८ खिडक्यांमधली मध्ययुगीन रंगीत काच संपूर्ण संच म्हणून टिकली आहे. इंग्लंडमधल्या कुठल्याच दुसऱ्या पॅरिश चर्चला हे भाग्य लाभलं नाही.

सफकमध्ये लॅव्हनमचा टॉवर सुमारे ४३ मीटर उंच आहे. त्यावर डी व्हीअर या सरदार घराण्याचा तारा दिसतो आणि कापड व्यापारी स्प्रिंग घराण्याचं चिन्हही दिसतं. जवळच्या लाँग मेलफर्डला तर देणगीदारांची नावं बाहेरच्या भिंतीवरच, गारगोटीच्या काळ्या दगडात फिकट दगडाची अक्षरं बसवून लिहिली आहेत, सोबत त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती. मेल्यानंतर आत्म्याला शुद्धीच्या यातना भोगाव्या लागतात आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने त्या कमी होतात, ही श्रद्धा पक्की होती. या चर्चमागचा पैसा समजायचा तर ती श्रद्धा समजून घ्यावी लागते.

एकाच चर्चमध्ये चार काळ मिसळलेले का दिसतात?

कारण गावाने जुनं पाडून नवं बांधायचं धोरण क्वचितच ठेवलं. खर्च वाचवायचा होता आणि काम चालू असतानाही रविवारची मिस्सा, म्हणजे वेदीवरचा मुख्य प्रार्थनाविधी, थांबवता येत नव्हती. पिढ्यान् पिढ्या राहत्या वाड्यात सोपा वाढवावा, माडी चढवावी, तसं हे झालं आहे.

लोकसंख्या वाढली की आइल जोडला. त्यासाठी नेव्हच्या जुन्या भिंतीत एकेक भगदाड पाडून खाली खांब आणि कमान बसवायची. आज तुम्हाला सुबक तेराव्या शतकातल्या कमानी दिसतील, पण त्यांच्या वरची भिंत अनघड दगडांची आणि त्याहून जुनी असते. त्या भिंतीत कमानीच्या वर मध्येच तुटलेली, बुजवलेली एखादी लहान गोल खिडकी दिसली, तर ती आइल येण्याआधीची बाहेरची खिडकी. ती सापडली की चर्चचं सगळ्यात जुनं अंग सापडलं.

दुसरी खूण टॉवरच्या पूर्व बाजूला, बाहेरून. नेव्हच्या आजच्या छपराच्या वर टॉवरवर उलट्या व्ही आकाराची दगडी रेघ दिसते. ती जुन्या छपराची. पूर्वी छप्पर उतरतं आणि उंच होतं, बहुधा गवताचं किंवा फरशीचं. पंधराव्या शतकात भिंती वर नेऊन क्लिअरस्टोरी बांधली, त्यावर जवळजवळ सपाट शिशाचं छप्पर घातलं आणि जुन्या छपराची रेघ उघड्यावर राहिली. कधी ती रेघ नेव्हच्या आतून दिसते.

तिसरं उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे. यॉर्कशरमधल्या कर्कडेलला दाराच्या वर एक सूर्यघड्याळ आहे. त्यावरच्या जुन्या इंग्रजी लेखात म्हटलं आहे की गामलचा मुलगा ऑर्म याने हे चर्च पडझड झालेलं असताना विकत घेतलं आणि पायापासून पुन्हा बांधलं, एडवर्ड राजाच्या आणि टॉस्टी या अर्लच्या दिवसांत. टॉस्टीचा काळ ठाऊक असल्याने हे काम १०५५ ते १०६५ मधलं ठरतं. आणि हे सूर्यघड्याळ आज पोर्चच्या छपराखाली आहे, जिथे ऊन पोचत नाही. म्हणजे पोर्च नंतरचा.

काही टॉवर गोल आणि काही वाकडे का?

गोल टॉवर जवळजवळ सगळे पूर्वेकडच्या नॉरफक आणि सफकमध्ये आहेत, एकट्या नॉरफकमध्ये सव्वाशेच्या आसपास. त्या भागात चांगला घडीव दगड मिळत नाही, गारगोटी मिळते. गारगोटीने सरळ कोपरा बांधणं अवघड, म्हणून टॉवर गोल केला, हे नेहमीचं स्पष्टीकरण. उत्तर समुद्रापलीकडेही गोल टॉवर आहेत, त्यामुळे ही नुसती दगडाची अडचण नसून पद्धतही असावी असं काही अभ्यासक म्हणतात. मला दोन्ही कारणं एकत्र खरी वाटतात.

वाकड्यांमध्ये चेस्टरफील्ड प्रसिद्ध. तिथला चौदाव्या शतकातला लाकडी कळस शिशाने मढवलेला आहे आणि तो वर जाताना सुमारे ४५ अंश पिळला गेला आहे, शिवाय जवळजवळ तीन मीटर कललेला आहे. ओलं लाकूड वापरलं, आतून तिरपे आधार पुरेसे दिले नाहीत आणि वरून शिशाचं ओझं आलं. कळस शिकाऊ सुतारांनी बांधला आणि सैतान त्यावर बसला होता वगैरे गोष्टी गावात सांगतात. सरळ आणि उंच पाहायचा असेल तर लिंकनशरमधल्या लाउथचा दगडी कळस पाहावा. १५०१ ते १५१५ या काळात तो बांधला आणि टॉवरसह उंची सुमारे ८७ मीटर भरते.

छपराकडे पाहण्यासारखं काय असतं?

मान दुखेपर्यंत पाहावं इतकं. ओकच्या तुळया भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकायच्या तर तेवढ्या लांबीचं लाकूड हवं. सुतारांनी त्यावर तोड काढली: भिंतीतून आखूड तुळया पुढे काढायच्या, त्यांच्या टोकांवर उभे दांडे ठेवायचे आणि त्यांच्यावर छप्पर पेलायचं. याला हॅमरबीम म्हणतात. केंब्रिजशरमधल्या मार्च गावी दुहेरी हॅमरबीम आहे आणि तुळयांच्या टोकांवर, मधल्या जागांत पंख पसरलेले लाकडी देवदूत, सुमारे १२०.

सफकमधल्या ब्लिथबर्गच्या देवदूतांच्या अंगात शिशाचे छर्रे आहेत. मूर्तिभंजक विल्यम डाउझिंग १६४४ मध्ये तिथे येऊन गेला होता, म्हणून त्याच्याच माणसांनी गोळ्या झाडल्या असं पूर्वी सांगत. पण छपरात घरटी करणाऱ्या पक्ष्यांना मारण्यासाठी पैसे दिल्याच्या नोंदी अठराव्या शतकातल्या चर्चच्या हिशेबात आहेत. देवदूत बिचारे आड आले.

वेदीजवळच्या दक्षिण भिंतीत कोनाडे कशासाठी असतात?

तळाशी भोक असलेलं लहान दगडी भांडं असेल तर ते पिसीना. मिस्सेनंतर धर्मगुरूचे हात आणि पेला धुतलेलं पाणी त्यातून थेट चर्चच्या पवित्र जमिनीत जिरायचं, बाहेर फेकलं जात नसे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेजारी शेजारी दोन पिसीना करायची रीत आली, एक हातांसाठी, एक पेल्यासाठी. तशी जोडी दिसली की काळ आपोआप कळतो.

पिसीनाच्या शेजारी पायऱ्यांसारखी चढत गेलेली तीन आसनं म्हणजे सेडिलिया, धर्मगुरू आणि त्याच्या दोन सहायकांसाठी. समोरच्या उत्तर भिंतीत चौकोनी कपाटासारखी जागा असते, तिला दाराच्या बिजागऱ्यांच्या खुणा असतील तर ती भांडी ठेवायची. उत्तरेलाच कधी ईस्टर सेपल्कर असतं: गुड फ्रायडेला येशूच्या देहाचं प्रतीक त्यात ठेवत आणि ईस्टरच्या सकाळी बाहेर काढत. हेकिंग्टनला त्याच्या तळाशी झोपी गेलेले पहारेकरी कोरले आहेत, डोकी कलंडलेली, शस्त्रं शेजारी.

भिंतीत मध्येच उघडणारा जिना कुठे जातो?

आज कुठेच नाही. पूर्वी तो नेव्ह आणि चॅन्सलच्या मधल्या लाकडी पडद्याच्या माथ्यावर जायचा. तिथे सज्जा होता आणि त्यावर क्रूसावरचा येशू, एका बाजूला मरिया, दुसऱ्या बाजूला योहान. लोक नेव्हमध्ये उभे राहून त्या क्रूसाकडे पाहत आणि पडद्याच्या फटींतून पलीकडची मिस्सा.

धर्मसुधारणेच्या लाटेत १५४७-४८ मध्ये या मूर्ती उतरवल्या. १५६१ मध्ये एलिझाबेथ राणीच्या हुकुमाने सज्जेही पाडायला सांगितले, पण खालचा पडदा ठेवायला परवानगी होती. म्हणून जिना आहे, पडदा आहे, मधला सज्जा नाही. यॉर्कशरमधल्या हबरहोमला १५५८ चा सज्जा वाचला आहे. नॉरफकमधल्या रॅनवर्थला पडद्यावरची संतांची चित्रं अजून डोळ्यांत भरतात. आसपासच्या इतर चर्चमध्ये अशा चित्रांचे चेहरेच खरवडून टाकलेले आढळतात.

भिंती मुळापासूनच अशा पांढऱ्या होत्या का?

अजिबात नाही, त्या रंगवलेल्या होत्या. दाराच्या समोरच्या भिंतीवर बहुधा खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर असे, कारण त्याचं दर्शन घडलं तर त्या दिवशी अवचित मरण येत नाही अशी समजूत होती. चॅन्सलच्या कमानीवर अंतिम न्यायाचं मोठं चित्र: मधोमध येशू, एका बाजूला स्वर्गात जाणारे, दुसऱ्या बाजूला नरकात ओढले जाणारे. सोळाव्या शतकात या सगळ्यावर चुन्याचे हात फिरले.

सफकमधल्या वेनहॅस्टनला हे चित्र लाकडी फळ्यांवर होतं. १८९२ मध्ये दुरुस्ती करताना चुना फासलेल्या त्या फळ्या टाकाऊ म्हणून आवारात फेकल्या. पाऊस पडला, चुना धुऊन निघाला आणि खालचं चित्र वर आलं. ते आज चर्चमध्येच आहे. जिथे क्रूस आणि शेजारच्या मूर्ती उभ्या होत्या तिथे रंग लागलेला नाही, त्यामुळे त्यांच्या रिकाम्या आकृती फळ्यांवर स्पष्ट दिसतात. यॉर्कशरमधल्या पिकरिंगला १८५२ मध्ये चित्रं सापडली, पण तिथल्या धर्मगुरूला ती पसंत नव्हती आणि त्याने पुन्हा चुना लावला; काही वर्षांनी ती दुसऱ्यांदा बाहेर आली.

बाप्तिस्म्याचं कुंड दाराजवळ का? त्याच्या काठावर लोखंडाच्या खुणा कसल्या?

बाप्तिस्मा म्हणजे चर्चमध्ये प्रवेश, म्हणून कुंड दाराजवळ. काठावरच्या खुणा झाकणाच्या कुलपाच्या. कुंडातलं आशीर्वादित पाणी बरेच दिवस तसंच ठेवत आणि लोक ते जादूटोण्यासाठी चोरून नेत, म्हणून १२३६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडं कुलूपबंद ठेवण्याचा आदेश दिला. पुढे झाकणंच कलाकुसरीची झाली. सफकमधल्या अफर्डचं झाकण पाच मीटरहून उंच आहे आणि त्याचा खालचा भाग वरच्यावर सरकतो.

नॉरफक-सफकमध्ये चाळीसच्या आसपास अष्टकोनी कुंडांवर सात संस्कार कोरलेले आहेत. आठव्या बाजूला बहुधा येशूचा बाप्तिस्मा किंवा क्रूस. आजारी माणसाच्या अंथरुणाशी आलेला धर्मगुरू, लग्नात हात हातात दिलेलं जोडपं असे खेड्यातले प्रसंग तिथे दिसतात.

लोक बाकांवर बसत का?

पंधराव्या शतकाआधी फारसे नाही. भिंतीलगत दगडी ओटा असे, तो म्हाताऱ्यांसाठी. बाकीचे उभे राहत किंवा गुडघे टेकत. प्रवचनांचं महत्त्व वाढलं तसे बाक आले.

कुष्ठरोग्यांची खिडकी, सैतानाचं दार या गोष्टी खऱ्या का?

बहुतेक नंतरच्या कल्पना आहेत, पण गाइड अजून सांगतात. चॅन्सलच्या भिंतीत खूप खाली असलेली खिडकी कुष्ठरोग्यांना मिस्सा पाहण्यासाठी होती म्हणतात. त्यांना गर्दीच्या आवारात येऊ देण्याचीच शक्यता कमी होती. पवित्र क्षणी घंटा बाहेर ऐकू जावी म्हणून ती असावी हे जास्त पटतं. उत्तरेकडच्या बुजवलेल्या दाराला सैतानाचं दार म्हणतात, पण ते मिरवणुकांच्या वापरातलं होतं, मिरवणुका बंद झाल्या आणि थंड वारा नको म्हणून ते बुजवलं. चॅन्सल नेव्हच्या रेषेत नसून किंचित कललेलं दिसतं, ते क्रूसावर कललेल्या येशूच्या मस्तकाचं प्रतीक, असंही ऐकाल. एक भाग दुसऱ्याच्या शतकभर नंतर बांधला आणि आखणी जुळली नाही, एवढंच ते आहे. पाय एकमेकांवर टाकून पहुडलेला दगडी सरदार धर्मयुद्धाला गेला होता, हाही नियम नाही.

भिंतींवर कोरलेल्या रेघा आणि अक्षरं खरोखर जुनी असतात का?

बरीच असतात. दक्षिण भिंतीवर मधोमध भोक आणि त्यातून निघालेल्या रेघा दिसल्या तर ते मिस्सेची वेळ पाहायचं साधं सूर्यघड्याळ. अशा रेघा कधी उत्तरेकडे किंवा उलट्या सापडतात. तो दगड दुसरीकडून काढून इथे वापरला, हे त्यावरून कळतं.

हर्टफर्डशरमधल्या ॲशवेलला टॉवरच्या आत लॅटिन ओळी खरवडलेल्या आहेत. १३४८ मध्ये इंग्लंडला पोचलेल्या महामारीनंतर, १३५० साल घालून कुणीतरी लिहिलं आहे की काळ दीनवाणा, क्रूर आणि हिंसक होता आणि साक्ष द्यायला लोकांतले वाईटच तेवढे उरले. खाली १३६१ सालच्या संत मॉरसच्या दिवशी सुटलेल्या प्रचंड वाऱ्याची नोंद. तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून आपल्या हिशेबाने ते जानेवारी १३६२. अक्षरं लहान आहेत, मोबाइलची बत्ती बाजूने तिरपी धरली की उठून दिसतात.

जे दिसतं त्यातलं खरं मध्ययुगीन किती?

हा प्रश्न प्रत्येक चर्चमध्ये विचारावा. एकोणिसाव्या शतकात जवळजवळ सगळ्या चर्चची मोठी दुरुस्ती झाली. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅमडेन सोसायटीने चर्च कसं असावं याचे आग्रह धरले आणि वास्तुविशारदांनी पुष्कळ अस्सल जुनं काम काढून त्या जागी काल्पनिक तेरावं शतक उभं केलं. आतल्या भिंतींचा गिलावा खरवडून दगड उघडे केले, त्याबरोबर चित्रंही गेली. मनाला लागणारं नुकसान आहे ते. याविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. पाडून नव्याने घडवण्यापेक्षा वेळच्या वेळी डागडुजी करा, हा तिचा आग्रह. धारदार कडा, एकसारखी गुळगुळीत फरशी आणि वेदीकडे चढणाऱ्या चकचकीत पायऱ्या दिसल्या की व्हिक्टोरियन हात समजावा.

मुंबईत या शैलीचं काही पाहता येईल का?

कुलाब्याचं अफगाण चर्च पाहावं. पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे चर्च १८५८ मध्ये अर्पण झालं आणि त्याची धाटणी अर्ली इंग्लिश आहे: अरुंद टोकदार खिडक्या, आइल, चॅन्सल, उंच कळस. वर सांगितलेल्या कॅमडेन सोसायटीच्या विचारांचीच ती इमारत आहे. सगळं एकाच काळातलं असल्याने इथे सांधे शोधायला मिळत नाहीत, पण कुठला भाग कुठे असतो हे शिकायला याहून चांगली जागा आपल्याकडे नाही. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचा आणि राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे इंग्लंडमधल्या शेकडो जुन्या चर्चच्या दुरुस्तीत गुंतलेले वास्तुविशारद होते.

आपण ख्रिस्ती नसताना आत गेलं तर चालतं का? काय जवळ ठेवावं?

बेलाशक जावं. खेड्यातली बरीच चर्च दिवसा उघडी असतात. दाराचं जड लोखंडी कडं जोर लावून फिरवावं लागतं. बंद असेल तर किल्ली कुणाकडे मिळेल याची चिठ्ठी पोर्चमध्ये लावलेली असते. वापरात नसलेली साडेतीनशेहून अधिक चर्च चर्चेस कन्झर्वेशन ट्रस्ट सांभाळतो, त्यांतली बहुतेक उघडी असतात. जोडे काढायची पद्धत नाही, पण चिखलाचे बूट पोर्चमध्ये ठेवावेत. प्रार्थना किंवा दफनविधी चालू असेल तर बाहेर थांबावं. फोटोला सहसा हरकत नसते. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, स्वेटर असू द्यावा. छपरासाठी छोटी दुर्बीण आणि भिंतींसाठी बॅटरी. आत जाण्याआधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारावी, बुजवलेली दारं आणि छपराच्या जुन्या रेघा बाहेरूनच दिसतात. निघताना दाराजवळच्या पेटीत काही पौंड टाकावेत, कारण छपराच्या दुरुस्तीचा खर्च आजही मुख्यतः त्या गावच्या मूठभर माणसांनाच उभा करावा लागतो. आणि दार ओढून नीट लावावं, नाहीतर पक्षी आत अडकतात.